प्रोजेक्ट प्लॅनमध्ये माणसांचे रेट भरताय? आधी हे वाचा

मंगळवारची सकाळ. आदल्या संध्याकाळी मी सगळ्या टीमला प्लॅनची एमपीपी फाइल मेल केली होती. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या रिसोर्स शीटवरचा (माणसांच्या यादीतला) 'स्टँडर्ड रेट', म्हणजे माणसाच्या एका तासाचा खर्च, हा कॉलम मी आठवणीने हाइड केला होता आणि त्याबद्दल स्वतःवर जरा खूशही होतो. साडेदहाच्या सुमारास टेस्टिंगमधला एक मुलगा उघडा लॅपटॉप हातात घेऊन टेबलापाशी आला.

"सर, एक विचारू? माझा रेट चारशेवीस आणि माझ्यासोबतच जॉइन झालेल्याचा पाचशेदहा. टायपिंग मिस्टेक आहे ना?"

टायपिंग मिस्टेक नव्हती. त्याने हॅकिंगही केलं नव्हतं. रिसोर्स शीटवर स्वतःच्या नावावर डबल क्लिक केलं, 'रिसोर्स इन्फर्मेशन'ची चौकट उघडली, तिच्यातल्या 'कॉस्ट्स' टॅबवर गेला आणि रेट समोर आला. मग शेजारच्या नावावर डबल क्लिक. दुपारच्या चहापर्यंत अकरा जणांचे रेट अकरा जणांना तोंडपाठ झाले होते. पुढचे तीन महिने एचआरच्या मॅडम माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

तेव्हापासून दहा-बारा वेगवेगळ्या टीमचे प्लॅन मी बसवून दिले. सॉफ्टवेअर बदललं, पण मुद्दा तोच राहिला. खरा रेट एकदा प्लॅनमध्ये गेला की तो कुठून ना कुठून बाहेर येतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमधली दुसरी पायरी सगळ्यात मोठी आहे. घाई असेल तर तेवढीच वाचा.

आधी हिशेब: रेटवरून पगार किती पटकन निघतो

वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून शनिवार-रविवारचे १०४, सणांच्या सुट्ट्या १० आणि रजा २३ वजा करा. उरले २२८ दिवस. रोजचे ८ तास धरले तर १,८२४ तास. आता ४२० गुणिले १,८२४ म्हणजे ७ लाख ६६ हजार. ५१० चे ९ लाख ३० हजार. मोबाइलवर दहा सेकंदांचं काम.

"आम्ही रेटमध्ये ओव्हरहेड मिळवतो, त्यामुळे पगार कळत नाही," असं अकाउंट्सवाले हमखास सांगतात. ओव्हरहेड म्हणजे जागा, वीज असा पगाराबाहेरचा खर्च. कळतो. समजा माझा सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा माझा वर्षाचा खर्च, ७ लाख २० हजार आहे आणि प्लॅनमध्ये माझा रेट ५९० दिसतोय. शेजाऱ्याचा ७३८ दिसतोय. ७३८ भागिले ५९० म्हणजे सव्वापट. मग त्याचा सीटीसी सव्वापट, म्हणजे ९ लाख. ओव्हरहेड दीडपट लावा नाहीतर अडीचपट, सगळ्यांना सारखाच लावल्यावर तो भागाकारात उडून जातो. प्रत्येकाला स्वतःचा पगार माहीत असतो आणि तीच किल्ली असते.

पायरी १: कुणाला काय कळायला हवं ते कागदावर लिहा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक कोरा कागद घ्या. डावीकडे माणसं लिहा: टीममधला माणूस, टीम लीड, प्रोजेक्ट मॅनेजर, डिलिव्हरी हेड, सेल्स, अकाउंट्स, क्लायंट. प्रत्येकापुढे लिहा की त्याचं काम चालायला नेमका कोणता आकडा लागतो.

मी हे जिथे जिथे केलं तिथे यादी जवळजवळ सारखीच निघाली. टीमला आणि लीडला तास लागतात, रुपये लागत नाहीत. प्रोजेक्ट मॅनेजरला बजेटपैकी किती खर्च झाला आणि किती उरला हे लागतं. सेल्सला मार्जिन लागतं. क्लायंटला बिलिंग रेट, म्हणजे त्याच्याकडून तासाला किती घ्यायचे तो दर, लागतो, आणि तो पगारापासून पूर्ण वेगळा आकडा आहे. एकेका माणसाचा खरा खर्च फक्त अकाउंट्सला आणि एचआरला लागतो, आणि त्यांच्याकडे त्यासाठी पेरोलचं सॉफ्टवेअर आधीपासूनच आहे.

इथे वाद होतो तो प्रोजेक्ट मॅनेजरशी. "माझ्या प्रोजेक्टचा नफा-तोटा मी सांभाळतो, मग खरे आकडे मला नकोत का?" माझं उत्तर पुढच्या पायरीत आहे.

पायरी २: माणसाचा रेट काढून टाका, बँडचा रेट लावा

कॉस्ट अकाउंटिंगमध्ये ही रीत फार जुनी आहे. तिला स्टँडर्ड कॉस्ट म्हणतात. बांधकामवाल्यांना तर यात नवल वाटणार नाही. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत मजुरीचे दर कामाच्या प्रकारानुसार असतात. गवंड्याचा वेगळा, सुताराचा वेगळा, बिगाऱ्याचा वेगळा. अमक्या गवंड्याला घरी किती मिळतात याच्याशी इस्टिमेटला देणंघेणं नसतं. आयटीत आणि डिझाइनच्या ऑफिसात येताना आपण नेमकं हेच विसरतो आणि नावापुढे पगार लिहून मोकळे होतो.

करायचं असं. सारखं काम करणाऱ्यांचा एक गट, म्हणजे बँड, करा: ज्युनियर डेव्हलपर, सीनियर डेव्हलपर, टेस्टिंग, डिझाइन, लीड. गटातल्या सगळ्यांच्या तासाच्या खर्चाची सरासरी काढा. तो त्या बँडचा रेट. सॉफ्टवेअरमध्ये गटातल्या प्रत्येकाच्या नावापुढे हाच आकडा. समजा सहा जण आहेत आणि त्यांचे खरे रेट ४२०, ४५०, ४८०, ५१०, ५४० आणि ६०० आहेत. बेरीज ३,०००, सरासरी ५००. सहाही जणांपुढे ५०० लिहायचे.

ही सरासरी अकाउंट्सनेच काढावी आणि तुमच्या हातात फक्त शेवटचा आकडा द्यावा. "मी काढून देतो, तुम्ही फक्त पगार पाठवा," असं उत्साहाने म्हणू नका. ती पगाराची एक्सेल मग तुमच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये वर्षभर पडून राहते.

इथपर्यंत सोपं आहे. आता फसगत कुठे होते ते बघू.

पहिली फसगत लहान बँडची. बँडमध्ये एकच माणूस असेल तर बँडचा रेट म्हणजे त्याचाच पगार. दोन असतील तर प्रत्येकाला दुसऱ्याचा कळतो, कारण स्वतःचा माहीत असतोच. मी किमान पाच जणांची अट घालतो. छोट्या ऑफिसात पाच जमत नसतील तर दोन बँड एकत्र करा. आकडा थोडा ढोबळ होईल, चालेल. कंपनीत एकच आर्किटेक्ट किंवा एकच डेटाबेसवाला असतो, त्याचं काय? त्याला लीडच्या बँडमध्ये घाला, नाहीतर त्याच्या बिलिंग रेटचा एक ठरावीक हिस्सा हा त्याचा खर्च धरा. त्या हिश्श्याचा पगाराशी संबंध नसला म्हणजे झालं.

दुसरी फसगत माणूस आला-गेला की होते. वरच्या सहा जणांत सातवा आला. अकाउंट्सने लगेच नवी सरासरी काढली: ५२०. आता जुनी बेरीज ३,०००, नवी बेरीज ७ गुणिले ५२० म्हणजे ३,६४०. फरक ६४०. नव्या माणसाचा रेट पैशासकट उघड. पहिल्याच आठवड्यात! सहावीतल्या मुलाला येईल असं गणित आहे हे.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदम करायचे. एक, बँडचा रेट १ एप्रिलला ठरला की ३१ मार्चपर्यंत हलवायचा नाही, कुणी येवो वा जावो. दोन, रेट ५० च्या पटीत ठेवायचा. ५०० ही ५०० आणि ५२० ही ५००. मग वजाबाकीतून काही हाती लागत नाही.

तिसरी फसगत अप्रेझलची. पगारवाढ जाहीर व्हायच्या आधी कुणी तरी नवे रेट भरतो, आणि एखाद्याला दिसतं की आपल्या उरलेल्या १०० तासांची किंमत काल ४२,००० होती, आज ४७,०४० आहे. बारा टक्के. बॉसच्या पत्राआधी सॉफ्टवेअरने सांगून टाकलं. वर्षातून एकदाच आणि सगळ्या बँडचे रेट एकाच दिवशी बदलले की ही भानगडही संपते.

आता त्या प्रोजेक्ट मॅनेजरचं उत्तर. समजा बँडचा रेट ५०० आहे आणि तुमच्या प्रोजेक्टवर जी माणसं आली त्यांची खरी सरासरी ५३० आहे. १,२०० तास लागले. फरक ३० गुणिले १,२०० म्हणजे ३६,००० रुपये. हा जादा खर्च तुमच्यामुळे झाला का? महागडी माणसं तुम्ही निवडली नाहीत, त्यांचा पगार तुम्ही ठरवला नाही. कॉस्ट अकाउंटंट याला रेट व्हेरिअन्स म्हणतात, आणि तो महिनाअखेरीस अकाउंट्सने एका आकड्यात कंपनी पातळीवर जुळवायचा. तुमच्या हातात तास आहेत. १,००० तासांचं काम १,२०० तासांत झालं तर त्याचा जाब तुम्हाला विचारावा, आणि तो विचारायला बँडचा रेट पुरतो. उलट बँडमुळे स्वस्तातला ज्युनियर मिळावा म्हणून मॅनेजरांची आपसातली ओढाओढही कमी होते. हा फायदा मला नंतर कळला.

पायरी ३: आपल्या सॉफ्टवेअरची दारं तपासा

बँड लावले तरी हे करायचंच. बँडचा रेटही गावभर व्हायची गरज नाही, आणि जुन्या फायलींत खरे रेट शिल्लक असतातच.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे ते सगळ्यात जास्त मेलवर फिरतं. एक गोष्ट पक्की धरा: एमपीपी फाइल ज्याला उघडता येते त्याला तिच्यातलं सगळं बघता येतं. कॉलम लपवला तर तो 'इन्सर्ट कॉलम' करून परत आणतो. रेट कॉस्ट टेबल 'बी' मध्ये ठेवला तर 'ए' ते 'ई' ही पाचही कोष्टकं एकाच चौकटीत शेजारी शेजारी दिसतात. सेव्ह ॲजमधल्या 'टूल्स' खालच्या 'जनरल ऑप्शन्स' मध्ये दोन पासवर्ड असतात. त्यातला 'राइट रिझर्व्हेशन' चा पासवर्ड फक्त बदल सेव्ह करण्यापासून अडवतो, वाचायला फाइल मोकळीच. 'प्रोटेक्शन' चा पासवर्ड उघडायलाच अडवतो, पण तो टीमला सांगितल्यावर राहिलं काय? आणि रिसोर्स पूल (अनेक प्लॅनना सामाईक असलेली माणसांची यादी) वेगळ्या फाइलीत ठेवला म्हणून निश्चिंत राहू नका. पूलला जोडलेल्या प्रत्येक प्लॅनमध्ये त्या माणसांची माहिती रेटसकट येते.

मग वाटायची प्रत कशी काढायची? एक युक्ती प्रोजेक्टमध्येच आहे आणि फार थोड्यांना माहीत असते. फाइल 'सेव्ह ॲज' करताना प्रकार 'प्रोजेक्ट टेम्प्लेट' निवडा. एक छोटी चौकट विचारते की टेम्प्लेटमधून काय काय काढून टाकू? तिथे 'रिसोर्स रेट्स' वर टिक करा. 'फिक्स्ड कॉस्ट्स' वरही करा. आणि 'व्हॅल्यूज ऑफ ऑल बेसलाइन्स' वर करायला विसरू नका, कारण रेट गेला तरी बेसलाइनमध्ये (मूळ प्लॅनच्या जपून ठेवलेल्या आकड्यांमध्ये) जुनी किंमत आणि जुने तास दोन्ही जपलेले असतात, आणि त्यांचा भागाकार म्हणजे पुन्हा रेटच. मग ते टेम्प्लेट उघडा, साधी एमपीपी म्हणून सेव्ह करा, आणि पाठवण्याआधी 'कॉस्ट', 'ॲक्चुअल कॉस्ट' व 'बेसलाइन कॉस्ट' हे तिन्ही कॉलम लावून बघा. एकाही ओळीत रुपया दिसला तर ती फाइल जाऊ देऊ नका.

हे सगळं दर आठवड्याला करायचा कंटाळा येतो, मला तरी येतो. टीमला बहुतेक वेळा फक्त गँट चार्ट, म्हणजे कामांचं पट्ट्यांचं वेळापत्रक, बघायचा असतो. 'एक्स्पोर्ट' मधून पीडीएफ काढा आणि ती पाठवा. पीडीएफमध्ये डबल क्लिक करायला काही नसतं.

ओपनप्रोजेक्ट वापरणाऱ्यांची सोय बरी आहे. तिथे रेट माणसाच्या प्रोफाइलमध्ये 'रेट हिस्टरी' खाली तारखेसकट राहतो आणि तो कुणाला दिसावा हे रोलप्रमाणे ठरवता येतं. सगळ्यांचे रेट बघण्याची परवानगी वेगळी, फक्त स्वतःचा बघण्याची वेगळी, बदलण्याची वेगळी. ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या रोल्सच्या पानावर जा आणि प्रत्येक रोल उघडून 'टाइम अँड कॉस्ट्स' चा भाग वाचा. बसवताना कुणी तरी 'मेंबर' ला सरसकट सगळ्या टिका देऊन ठेवलेल्या असतात, त्या काढा. एकाच माणसाला दोन प्रोजेक्टमध्ये दोन रोल असू शकतात हेही ध्यानात ठेवा.

जिरामध्ये चूक वेगळ्या प्रकारची होते. एखादा उत्साही ॲडमिन 'कॉस्ट रेट' नावाचं कस्टम फील्ड करतो. जिरात मुळातून प्रत्येक फील्डला वेगळी परवानगी देण्याची सोय नाही. ज्याला इश्यू (कामाची नोंद) दिसतो त्याला त्यावरची फील्डं दिसतात. स्क्रीनवरून फील्ड काढलं तरी 'हिस्टरी' च्या टॅबमध्ये आधीचा बदल लिहिलेला राहतो: अमुकने रेट ४५० वरून ५२० केला. तेव्हा जिरात रुपयाचं फील्ड करूच नका. तास जिरात ठेवा, रुपये बाहेर.

प्रायमाव्हेरा पी६ वर काम करणाऱ्या बांधकाम आणि प्रकल्प कंपन्यांत रिसोर्स बहुधा गँगने किंवा ट्रेडने असतो, त्यामुळे बँड आपोआपच झालेला असतो. त्रास होतो तो इंजिनिअर आणि प्लॅनर यांच्या नावाने रिसोर्स केले असतील तर. युजरच्या सिक्युरिटी प्रोफाइलमध्ये रिसोर्स आणि रोलचा खर्च बघण्याचा अधिकार वेगळा असतो, प्रोजेक्टचा खर्च बघण्याचा वेगळा. दोन्ही तपासा. पण खरी गळती एक्सईआर फाइलीतून, म्हणजे पी६ मधून प्लॅन बाहेर देण्याच्या फाइलीतून, होते. ती फाइल साधी टेक्स्ट असते. नोटपॅडमध्ये उघडते आणि तिच्यात रिसोर्सच्या रेटचं अख्खं कोष्टक वाचता येतं. क्लायंटच्या कन्सल्टंटला दर महिन्याला एक्सईआर देत असाल तर आज एक फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघाच.

आता एक्सेल. कितीही सॉफ्टवेअर घ्या, शेवटी कॉस्टिंग एक्सेलमध्येच होतं हे आपण सगळे जाणतो.

लपवलेली शीट राइट क्लिकने परत येते. मॅक्रोच्या खिडकीतून 'व्हेरी हिडन' केलेली शीटही त्याच खिडकीतून परत येते. शीट प्रोटेक्शनचा पासवर्ड म्हणजे दाराला अडकवलेली कडी आहे, कुलूप नव्हे. एक्सएलएसएक्स ही आतून झिप फाइल असते. फाइलीच्या नावाचा शेवट बदलून ती उघडली की आतल्या शीट वाचता येतात. खरं कुलूप एकच: फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. तेही सगळी फाइल बंद करतं, एक शीट नाही.

आणि पिव्होट टेबल! एका ऑफिसात मी स्वतः पाहिलेली गोष्ट. डिलिव्हरी हेडसाठी विभागवार बेरजेचं सुरेख पिव्होट केलं, मूळ पगाराची शीट डिलीट केली, फाइल पाठवली. पलीकडे कुणी तरी सहज एका बेरजेवर डबल क्लिक केलं. एक्सेलने नवी शीट उघडली आणि त्या बेरजेमागच्या सगळ्या ओळी नावासकट मांडल्या. पिव्होट मूळ माहितीची प्रत स्वतःच्या पोटात ठेवतं. म्हणून पिव्होट पाठवायचं असेल तर ते कॉपी करून नव्या फाइलीत 'पेस्ट व्हॅल्यूज' करा आणि ती नवी फाइल पाठवा.

गुगल शीट्समध्ये दोन गोष्टी बघा. 'प्रोटेक्ट रेंज' बदल अडवतं, बघणं अडवत नाही. आणि पगाराच्या शीटमधून 'इम्पोर्टरेंज' ने बेरीज दुसऱ्या शीटमध्ये आणली असेल तर एकदा परवानगी दिल्यावर त्या दुसऱ्या शीटचा कोणताही एडिटर सूत्रातला पत्ता बदलून पगाराच्या शीटचा हवा तो भाग ओढू शकतो. मधे एक तिसरी शीट ठेवा. तिच्यात फक्त बँडचे रेट, आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यायचे.

पायरी ४: रिपोर्टमध्ये भागाकार शोधा

परवानग्या चोख बसवून लोक रिपोर्टमध्ये मार खातात. 'लॉगिन मॉड्यूल टेस्टिंग, ४० तास, १६,८०० रुपये.' ते काम कोण करतंय हे बोर्डावर लिहिलेलंच आहे. १६,८०० भागिले ४०. झालं, ४२०.

माझा नियम साधा आहे. ज्या ओळीमागे पाचपेक्षा कमी माणसं आहेत त्या ओळीत तास आणि रुपये एकत्र दाखवायचे नाहीत. टास्कच्या पातळीवर फक्त तास. फेजच्या पातळीवर रुपये. अर्न्ड व्हॅल्यूचे, म्हणजे झालेल्या कामाची बजेटातली किंमत आणि झालेला खर्च यांच्या तुलनेचे, आकडे देत असाल तर टीमला गुणोत्तर द्या, खर्चाचा निर्देशांक ०.९२ आहे एवढं पुरतं. मूळ रक्कम मॅनेजरला आणि त्याच्या वरच्यांना.

बँड लावलेले असतील तर या भागाकारातून बँडचा रेटच निघेल आणि कुणाचं काही बिघडणार नाही. दुसरी पायरी मी मोठी का म्हणालो ते आता लक्षात आलं असेल.

पायरी ५: मागची दारं

एक्सेल एक्स्पोर्ट, रात्रीचा बॅकअप, एपीआयचं टोकन (दुसऱ्या सॉफ्टवेअरला माहिती ओढू देणारी किल्ली), पॉवर बीआयचा डॅशबोर्ड, 'बजेट बदललं' म्हणून आपोआप जाणारा मेल. स्क्रीनवर जे लपवलंय ते यांच्यातून जातं का ते बघायचं. डॅशबोर्ड कुणाच्या लॉगिनने माहिती ओढतो हे विशेष बघा. बहुतेक ठिकाणी तो ॲडमिनचं लॉगिन वापरतो आणि ॲडमिनला सगळं दिसतं.

मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना अख्खा डेस्कटॉप शेअर करू नका, एकच खिडकी करा. आणि हल्ली नवीन सवय लागली आहे ती म्हणजे स्टेटस रिपोर्ट लिहून घ्यायला अख्खा प्लॅन एआय चॅटमध्ये चिकटवणे. खरे रेट असलेला प्लॅन तिथे टाकायचा नाही, एवढं टीमला तोंडी सांगून ठेवा.

सॉफ्टवेअरच्या ॲडमिनला सगळं दिसणारच. तो बाहेरच्या व्हेंडरचा माणूस असेल तर करारात गोपनीयतेचं कलम आहे का ते बघा.

पायरी ६: खुणेचा आकडा टाकून बघा

ही माझी आवडती पायरी आहे. एक खोटा रिसोर्स तयार करा, नाव 'चाचणी'. त्याचा रेट असा ठेवा की तो दुसरीकडे कुठेच येणार नाही. मी ७९१९ ठेवतो. त्याला एका तासाचं एक काम लावा, म्हणजे खर्चही ७९१९ च येईल. आता टीममधल्या साध्या मेंबरचं एक लॉगिन घ्या, ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि शोधत सुटा. रिपोर्ट, बजेट, टास्कची हिस्टरी, मेलवरची सूचना. जे जे डाउनलोड होतं ते करा आणि त्यात ७९१९ शोधा. हजाराच्या स्वल्पविरामासकट ७,९१९ असाही शोधा, नाहीतर अर्ध्या जागा सुटतात. एक्सईआर असेल तर नोटपॅडमध्ये, एक्सेल असेल तर लपलेल्या शीटमध्येही.

जिथे आकडा सापडला ती गळती. अर्ध्या तासाचं काम आहे. शेवटी खोटा रिसोर्स आणि त्याचं काम दोन्ही डिलीट करा. मी एकदा विसरलो आणि त्या महिन्याच्या बजेटमध्ये ७,९१९ रुपयांचा फरक शोधत अकाउंट्सचे काका संध्याकाळी आठपर्यंत बसले होते.

गळती झालीच तर

पहिल्या तासात लिंक बंद करा, परवानगी काढा, पासवर्ड बदला. शेअर केलेली फाइल काढून टाकली तरी डाउनलोड झालेली प्रत परत येत नाही, हे गृहीत धरूनच पुढे चला. मेल रिकॉल करायच्या फंदात पडू नका. त्याने सगळ्यांचं लक्ष त्या मेलकडेच जातं.

मग एचआरला स्वतः जाऊन सांगा, त्यांच्या कानावर दुसरीकडून जायच्या आधी. ज्यांचे आकडे बाहेर गेले त्यांनाही सांगा. पगार ही व्यक्तिगत माहिती आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात अशी माहिती फुटली तर ज्याची ती आहे त्याला कळवण्याची जबाबदारी सांगितली आहे, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपनीच्या वकिलांना त्याच दिवशी फोन करा.

"फाइल कुणी उघडली?" म्हणून माणसं शोधत बसू नका. आपण पाठवलेली फाइल त्यांनी उघडली, यात त्यांचा गुन्हा काय? आणि "पगाराबद्दल आपसात बोलायचं नाही" असं फर्मान काढायच्या आधी दोनदा विचार करा. स्वतःचा पगार मित्राला सांगणं वेगळं आणि कंपनीने दुसऱ्याचा पगार फोडणं वेगळं. अमेरिकेत खासगी क्षेत्रातल्या बहुतेक कामगारांना आपसात पगाराबद्दल बोलण्याचा हक्क १९३५ च्या कायद्याने आहे, आणि युरोपीय संघाचा २०२३ चा वेतन पारदर्शकतेचा निर्देश तर कंपन्यांनीच पगाराचे निकष सांगावेत अशा दिशेचा आहे. तिकडे शाखा किंवा माणसं असतील तर असं फर्मान अंगाशी येईल.

त्या मंगळवारी मी त्या मुलाला काय सांगितलं? आधी "फाइल बंद कर" म्हणालो, मग माझं मलाच ऐकू आलं आणि थांबलो. चूक माझी आहे, आकडे खरे आहेत, आणि फरक का आहे हे मला माहीत नाही, असं सांगून त्याला एचआरकडे घेऊन गेलो. दोघे एकाच दिवशी, एकाच कामावर रुजू झाले होते. सरासरी काढायच्या आधी एकाच बँडमधले एवढे फरक का आहेत हा प्रश्न अकाउंट्सने विचारायला हवा होता. पुढच्या अप्रेझलमध्ये त्याचा रेट किती झाला ते मला माहीत नाही. माझ्या प्लॅनमध्ये तोवर त्याच्या नावापुढे ५०० आले होते.

आता १ एप्रिलची नोंद कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. अकाउंट्सकडून नवे बँड रेट घ्यायचे, एकाच दिवशी भरायचे, आणि त्याच दुपारी ७९१९ पुन्हा फिरवून बघायचा.